गिरणीपर्यंत

कोठी भागातल्या पार्किंगमध्ये पैसे भरून गाडी लावली आणि तिथून बडी चौडीकडं पायी निघाले, तेव्हा लक्षात आलं की आपल्याला चालता येईनासं झालंय. पाय तसे ठणठणीत आहेत. रोज सकाळी सोसायटीच्या जिममधल्या पट्ट्यावर घामाघूम होईपर्यंत मी चालते. पण हातगाडीच्या कुठल्या बाजूनं जायचं, समोरून येणाऱ्याला वाट कशी द्यायची, दुकानाची पायरी कधी चढायची आणि कधी उतरायची, हे एकेकाळी अंगात मुरलेलं होतं ते पार निघून गेलंय. सीताफळांची गाडी ढकलणाऱ्यानं मागून "बाजू अम्मा, जरा बाजू" असं दोनदा म्हटलं तरी मला कळेना की कुठल्या बाजूला. शेवटी त्यानंच गाडी वळवून घेतली.

कुमुदमावशींचा सकाळी फोन आला होता. चप्पल बाजारातलं घर विकलं, मुलगा विनय पुण्याहून न्यायला आलाय, संध्याकाळची नामपल्लीहून गाडी आहे, एकदा येऊन जा. कुमुदमावशी म्हणजे आईची मैत्रीण, नात्यानं कुणी नाही. दोघी मराठवाड्यातल्या एकाच तालुक्यातून लग्न होऊन हैदराबादेत आलेल्या, आणि आल्यापासून एकमेकींच्या. आई जाऊन आता वर्ष होत आलं. या वर्षात मी मावशींकडं एकदाही फिरकले नव्हते. तिकडं फार गर्दी, गाडी लावायला जागा मिळत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर बसायची मला लाज वाटत होती.

आमचं जुनं घर बडी चौडीमागच्या गल्लीत होतं. तिथून मावशींच्या घरापर्यंत रमतगमत पंधरा मिनिटांचा रस्ता, आणि बरोबर मधे पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा फटफटत असायचा, ओट्यावर डबे ओळीनं लावलेले, आणि गरम ज्वारीच्या पिठाचा वास पार रस्त्याच्या पलीकडं यायचा. गिरणी आमच्या घरची हद्द होती. म्हणजे आईच्या मनातली. कारण पाहुण्याला पोचवायला जायचं ते गिरणीपर्यंत.

आमच्याकडं कुणाला दारातून निरोप देत नसत. दारातून निरोप म्हणजे हाकलणंच. मावशी एक दिवसाआड संध्याकाळी यायच्या. विरजण संपलं, ब्लाउजचा कागद हवा होता, लिंबाचं लोणचं कसं झालंय बघ, असं काहीतरी निमित्त हातात असायचं. मग "निघते गं" सुरू व्हायचं. पहिलं "निघते" चहा संपल्यावर. ते कुणी मनावर घ्यायचं नसतं. दुसऱ्याला आई कुंकवाची कोयरी आणायची. तिसरं उंबऱ्यात, चपला घालता घालता, आणि ते सगळ्यात लांबायचं. मग आई पदर सावरून म्हणायची, "चल, कोपऱ्यापर्यंत येते." कोपरा आला की चौक, चौक आला की गिरणी. गिरणीपाशी मावशी म्हणायच्या, आता तू एकटी कशी जाशील, चल, मी थोडी मागं येते. आणि दोघी परत आमच्या घराच्या दिशेनं. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, स्वभावानं थट्टेखोर. ते म्हणायचे, तुम्ही दोघींनी गिरणीच्या ओट्यावरच संसार मांडा, आम्ही डबे घेऊन दळणाला आलो की भेटत जाऊ. आई हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायची.

मी शाळेत असताना मला पुष्कळदा त्यांच्यामागं पाठवलं जायचं, भाजी करपायला लागली म्हणून आईला बोलवायला. तो रस्ता मला ऋतूंसकट आठवतो. जानेवारीत नामपल्लीच्या प्रदर्शनाहून परतणारी माणसं घोळक्यानं चालत यायची, हातात फुगे, खारे दाणे आणि काचेच्या बांगड्यांचे पुडे. उन्हाळ्यात दुकानदार फळ्या लावायच्या आधी दारात पाणी मारायचे, त्याचा आणि वाळ्याच्या ताटीचा मिळून एक थंड वास. मे महिन्यात घरोघरच्या तिखटाचं कांडप, तेव्हा सगळा रस्ताच शिंकायचा. रमजानात इराण्याच्या हॉटेलाबाहेर भल्या मोठ्या भट्टीवर हलीम घोटत असत. दोघी तिथं नाकाला पदर लावून, पण पाय हळू करून चालायच्या. बतुकम्माच्या सणात पिवळी तंगेडूची फुलं डोक्यावर घेऊन बायका यायच्या आणि खाली सांडलेल्या फुलांवरून घसरायला व्हायचं. आणि सगळ्यात शेवटी, चप्पल बाजाराच्या बाजूनं, काचीगुडा स्टेशनातून छोट्या रुळांच्या गाडीची शिटी. ती गाडी आमच्या मुलखाकडं जायची. शिटी झाली की दोघी क्षणभर बोलायच्या थांबत.

बोलायच्या काय, ते मला कधी नीट ऐकूच आलं नाही. मी मागून चालत असायची आणि त्या हळू बोलायच्या. एवढं मात्र कळायचं की घरातली आई आणि रस्त्यातली आई एक नव्हे. घरात आई कमी बोलायची. आजीसमोर, बाबांसमोर, माझ्यासमोर तिची वाक्यं छोटी असायची. मीठ हवंय का, दार लाव, झोप आता. रस्त्यात ती सलग बोलायची, हात हलवून बोलायची, कधी कधी मधेच थांबून मावशींच्या दंडाला धरायची. इराण्याच्या हॉटेलाच्या उजेडात दोघी गप्प, आणि पुढं लाकडाच्या वखारीची लांब भिंत लागली, जरा अंधार आला, की पुन्हा सुरू. चालताना एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. मला वाटतं त्यामुळं बोलता येत असावं.

एकदा त्या भिंतीपाशी आई रडत होती. उभ्यानं, चपलेच्या अंगठ्याकडं बघत. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी नववीत असेन. मला भाजीचं सांगायचं होतं ते मी सांगितलंच नाही, परत फिरले. थोड्या वेळानं आई घरी आली ती तोंड धुतलेली, आणि भाजी करपली म्हणून मलाच ओरडली. ती का रडली ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. आमच्या घरात असं विचारायची रीत नव्हती, आणि मला वाटायचं, मावशींना ठाऊक आहे ना, मग झालं.

मग ते दिवस आले जेव्हा सगळ्यांनाच घाई झाली. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं बूथ आलं, घराघरांवरून केबलच्या काळ्या तारा आल्या, पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या नव्या गाडीची जाहिरात. मी अमीरपेटला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि एका नव्या कंपनीत लागले. बाबांच्या अख्ख्या नोकरीत त्यांना जेवढा पगार झाला नाही तेवढा मला पहिल्या काही वर्षांतच मिळू लागला, आणि मी हप्त्यांवर एक छोटी पांढरी गाडी घेतली. आमच्या गल्लीत ती पहिली. बाबांनी तिच्यासमोर नारळ फोडला, आईनं चाकांना हळद-कुंकू लावलं आणि मागच्या काचेत लिंबू-मिरची बांधायला निघाली ती मी बांधू दिली नाही. मला गाडीचं भारी कौतुक होतं. आजही त्या नव्या सीटचा वास आठवला की आधी आनंद होतो, मग वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात मावशी आल्या होत्या. त्यांचं तिसरं "निघते" झालं आणि मी किल्ली घेऊन पुढं झाले. म्हटलं, बसा मावशी, सोडते. त्या आईकडं बघून म्हणाल्या, नक्को गं, एवढंसं तर आहे. आई म्हणाली, बस की, एवढी म्हणतेय तर. मावशी मागच्या सीटवर दोन्ही हातांनी वरची कडी धरून बसल्या, चपला काढून मांडीशी घेतलेल्या. काय हसलो आम्ही. इराण्याचं हॉटेल, वखार, गिरणी सगळं भुर्रकन मागं गेलं. मावशी उतरल्या, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आणि मी परत आले तेव्हा आई अजून दारातच उभी होती. "पोचल्या?" एवढंच तिनं विचारलं.

नंतर ते रोजचंच झालं. मला वाटे, किती चांगलं करतोय आपण. दोघींची वयं होत चाललेली, रस्त्यावर स्कूटरींचा सुळसुळाट, आणि मी आहे ना सोडायला. पण एकदा गाडीनं सोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पायी कसं जाऊ द्यायचं? घरात गाडी उभी असताना पाहुणी चालत गेली तर लोक काय म्हणतील, असं आईला वाटू लागलं. आणि मावशींना वाटू लागलं की आपण गेलो की पोरीला पुन्हा गाडी काढावी लागते. मी कचेरीतून येईपर्यंत आई त्यांना बसवून ठेवायची, "थांब, ती सोडील ना." मी दमलेली यायची, चहा पण न घेता किल्ली उचलायची, आणि ते त्यांना दिसायचं. मग त्या मी यायच्या आधीच निघायला बघायच्या आणि आई जाऊ द्यायची नाही. म्हणजे येणं सोपं होतं, जाणं अवघड होऊन बसलं. एक दिवसाआडचं आठवड्यावर गेलं, मग सणासुदीवर. भांडण नाही, रुसवा नाही. मी ते बघत होते आणि वयोमानानं असेल म्हणत होते.

बाबा गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. तोवर गल्लीत गाड्या वाढल्या होत्या. कुणाची कुठं लावायची यावरून रोज कुणाशी तरी तोंड वाजायचं, माझ्या गाडीच्या दारावर कुणीतरी खिळ्यानं रेघ ओढली. मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला फ्लॅट घेतला. आईला दाखवायला नेलं तेव्हा मी तिला आधी तळमजल्यावरची गाडी लावायची जागा दाखवली, पिवळ्या रंगानं नंबर लिहिलेली, आणि मग वर घर दाखवायला नेलं. तिनं दोन्हीला चांगलं म्हटलं.

कुकटपल्लीचं घर खरंच चांगलं होतं. हवा होती, चोवीस तास पाणी, गॅलरीतून समोर हमरस्ता. रस्त्यापलीकडं भाजीचं दुकान होतं. आईला गॅलरीतून टोपल्यांमधली वांगी ओळखू यायची. पण मधे दुभाजक, फुटपाथ नाही, आणि ट्रक लागोपाठ. त्या वांग्यांपर्यंत जायचं तर गाडी काढून पार पुढच्या चौकातून वळसा घालावा लागायचा. म्हणजे मी घरी असले तरच. शेजारी नव्हते असं नाही. आई तेलुगू बरं बोलायची, लिफ्टमधल्या बायका तिच्याशी हसायच्या, एखादी हळदी-कुंकवाला यायचीही. पण तिला पोचवायला कुठपर्यंत जायचं? लिफ्टपर्यंत. बटण दाबायचं, दार उघडायचं, दार मिटायचं. आई मिटलेल्या दारासमोर जराशी उभी राहायची आणि मग आत यायची. हे मी पुष्कळदा पाहिलंय.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी तिला मावशींकडं न्यायची. जाताना-येताना मिळून अर्धा दिवस. तिथं दिवाणखान्यात दोघी समोरासमोर बसायच्या आणि मधे मी. तब्येत कशी आहे, विनयचं काय चाललंय, तुरीची डाळ कितीवर गेली. मी घड्याळ बघायची, कारण गाडी कुणाच्या तरी फाटकासमोर लावलेली. एकदा दोघींना एकत्र हिंडवावं म्हणून त्यांना घेऊन हुसेनसागरला चक्कर मारून आणली. आईला मानानं पुढं बसवलं, मावशी मागं. काचा वर, एसी सुरू, मी जुनी गाणी लावलेली. सबंध वाटेत दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला वाटलं, किती निवांत बसल्यात.

एकदा मुसापेटच्या अलीकडं गाड्या अडकल्या त्या हलेनातच. पुढचा माणूस इंजिन बंद करून उतरला होता. आईनं माझ्याकडं न बघता म्हटलं, "मला इथं उतरव. मी जाते चालत."

मी म्हटलं, कुठं? ती म्हणाली, कुमुदकडं. मी हसले. हमरस्त्यावर कुणी चालतं का आई, म्हटलं, आणि चप्पल बाजार इथून कुठल्या कुठं. तिनं सीटचा पट्टा सोडला होता तो परत लावला. मी तिला लावायला मदतही केली.

शेवटच्या काही वर्षांत आई बोलायचीच कमी झाली. मी घरी आले की ताट वाढायची, दार लावलंस का विचारायची, टीव्ही बघत बसायची. फोनवर मावशींशी बोलायची, पण मोठ्यानं, दोघींना ऐकू कमी येतं म्हणून; आणि अंधाऱ्या भिंतीपाशी हळू बोलायच्या गोष्टी अशा ओरडून कशा सांगायच्या. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले वयात असं होतं. मी ते मानलं. मानायला सोयीचं होतं. ती गेली तेव्हा तिच्या मनात काय काय होतं यातलं मला काहीएक ठाऊक नव्हतं. तिच्या आयुष्यात बोलायची जागा म्हणून एक रस्ता होता, तो मी तिला सुख द्यायच्या नादात काढून घेतला. कुणी मला बोल लावलेला नाही. म्हणूनच जास्त लागतं.

गिरणीच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. ओटा फोडून गाड्या लावायला उतार केलाय. डोक्यावरून मेट्रोचा पूल गेल्यामुळं तिथं भर दुपारी सुद्धा उजेड पिवळटच. मी क्षणभर थांबले, तर दुकानातला मुलगा "क्या होना आंटी" म्हणाला. काही नको म्हणून पुढं निघाले. वखारीच्या भिंतीचा तर मागमूस नाही.

मावशींच्या घरात खोकी बांधून झाली होती. भिंतींवर फोटोंचे चौकोन उरलेले. त्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. घोटे सुजलेले, पण नजर तीच. विनयनं मला पाणी दिलं, गाडीवाला गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलाय म्हणाला, आणि सामान घेऊन खाली गेला. मी मावशींच्या शेजारी बसले आणि येताना जे घोकत आले होते ते सगळं एका दमात बोलून टाकलं. म्हटलं, मावशी, मी तुम्हाला गाडीत बसवायला नको होतं. आईला तुमच्यापासून मीच तोडलं. माझं चुकलं.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तुझ्या आईनंच सांगितलं होतं मला. तू गाडी घेतलीस त्याच दिवशी, गिरणीपाशी. म्हणली, कुमुद, पोरगी बसा म्हणली की बसायचं. नक्को म्हणायचं नाही. बापाची सायकल पुसून मोठी झालेली पोर आहे, तिला लई हौस आहे."

मावशी पुढं म्हणाल्या,

"आम्हाला वाटलं, चार दिवसांत फिटंल हौस, मग आपलं आपण आहेच." त्या हसल्या. "तुझी हौस काही फिटली नाही बग."

मी पण हसले, आणि हसता हसता रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग त्या म्हणाल्या की चूक त्यांचीच होती, दोघींची. तोंडानं सांगायला पाहिजे होतं. पोरीचं मन मोडंल म्हणून सांगितलं नाही, आणि मग सांगायला रस्ताच उरला नाही. "आम्हाला माफ कर गं," त्या म्हणाल्या. मी माफी मागायला आले होते आणि ऐंशीच्या घरातली ती बाई माझीच माफी मागत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पळाले नाही. विचारलं, "मावशी, आई काय बोलायची हो तुमच्याशी?"

त्यांनी रिकाम्या खोलीभर नजर फिरवली. छताचा पंखा काढून नेला होता, तिथं नुसती तार लोंबत होती. "ते रस्त्यातलं," त्या म्हणाल्या. "घरात बसून कसं सांगू? कधी घरात बोललोच नाही आम्ही ते."

"मग चला ना. गाडीपर्यंत चालत जाऊ. मी धरते तुम्हाला."

त्यांनी सुजलेल्या पायांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "हौ. चल." मी त्यांच्या पायांत चपला सरकवल्या. जिना उतरायलाच आम्हाला खूप वेळ लागला. एकेका पायरीवर त्या थांबत, श्वास घेत, माझ्या दंडाला घट्ट धरत. मला वाटलं, या दंडावरची बोटं आईला ठाऊक होती. गल्लीत आलो. कुणाच्या तरी घरी फोडणी पडली होती, वरच्या मजल्यावर लहान मूल पाढे म्हणत होतं. दूर गल्लीच्या तोंडाशी विनय आणि गाडीवाला डिकीत खोकी बसवत होते. तिथवर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, चालायला पुरेसा. मला तो आणखी लांब असता तर हवा होता. मावशींनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, अगदी आई घ्यायची तसा, आणि आम्ही पावलं टाकू लागलो. दोन्ही मैत्रिणींना मी मागूनच पाहिलेलं. शेजारून चालायची ही पहिलीच वेळ. मावशी माझ्याकडं बघत नव्हत्या. समोर बघत होत्या.

"तुझी आई ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्याबद्दल लई बोलायची. एक गोष्ट तर तिनं मला..." आणि थांबल्या. "दम घेऊ दे जरा. सांगते."

मी म्हटलं, घ्या, काही घाई नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी सुरू झाली. मागचे लाल दिवे लागले आणि ती उलटी, बेतानं, भिंती सांभाळत आमच्याकडं यायला लागली. शेजारून विनय हात करत, गाडीवाल्याला वाट दाखवत चालत होता. मी हात वर केला, थांबा म्हणून. त्याला वाटलं, इकडं आणा म्हणतेय. गाडी आमच्या पुढ्यात येऊन थांबली. विनयनं चटकन मागचं दार उघडलं. त्याचा चेहरा प्रेमानं आणि घाईनं लाल झाला होता.

"आई, तू कशाला चालतेस? आणली ना मी इथपर्यंत."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. लेकाच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि आत बसल्या. त्यांचा पदर दारात अडकत होता, तो मी आत सारला आणि दार लावून घेतलं.